पुलावरची भेट

मागच्या दिवाळीत आमच्या घरी चकल्यांचा एक घाणा करपला, आणि त्याला कारण झाली कोरिया देशातली एक प्रेमकथा. भाचीने मोबाइल ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात हिंदी बोलणारे कोरियन नायक-नायिका बर्फात उभे होते आणि माझी थोरली बहीण, वय वर्षे शहात्तर, हातात झारा धरून त्यांच्याकडे पाहत होती. कढईकडे कुणाचेच लक्ष नव्हते. "अगं, पण हा तिचा सख्खा भाऊ तर निघायचा नाही ना?" अक्काने मध्येच काळजीने विचारले. मी मोठ्याने हसलो. अक्का चिडली. "तुला हसायला काय जातंय? लहानपणी हरवलेलं पोर आहे ते. कुणाचं कोण, कुणाला ठाऊक!"

पुढे ह्या मालिकांच्या इतिहासाविषयी थोडेबहुत वाचू लागलो, तेव्हा त्या हसण्याची मला लाज वाटली. अक्काचा प्रश्न त्या देशात हजारो माणसांनी खरोखरच एकमेकांना विचारलेला आहे.

कोरियन मालिकांची थट्टा करणे सोपे आहे. हरवलेले मूल, अपघातात गेलेली स्मृती, दहा वर्षांनी अचानक समोर आलेला मेलेला माणूस, असा त्यांचा ठरलेला सरंजाम असतो. स्मृतिभ्रंशाला तरी आपण हसू नये म्हणा! १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात मराठी संगीत रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली ती 'शाकुंतला'वर. आणि बायकोला विसरलेला राजा व हरवलेली अंगठी काढून टाकली तर 'शाकुंतला'त उरते काय? मुद्दा असा की, प्रेम जुळण्यापेक्षा ताटातुटीनंतर ओळख पटणे ह्यात माणसाला काही विलक्षण सुख वाटते. पूर्व आशियाने ह्या सुखाचा जसा ध्यास घेतला, तसा क्वचितच कुणी घेतला असेल.

त्याचे मूळ फार जुने आहे. आपण ज्यांना अभिजित आणि श्रवण म्हणतो, ते आकाशगंगेच्या दोन तीरांवरचे दोन तेजस्वी तारे चीन, कोरिया आणि जपान ह्या तिन्ही देशांत नवराबायको समजले जातात. ती विणकरीण, तो गुराखी. वर्षातून एकाच रात्री, सातव्या महिन्याच्या सप्तमीला, त्यांची भेट होते, आणि त्यासाठी पक्षी आपल्या पंखांचा पूल आकाशगंगेवर बांधतात. कोरियातील नामवोन गावी त्या पक्ष्यांच्या पुलाचे नाव दिलेला एक दगडी पूल आजही आहे. त्याच्याजवळच्या मंडपात चुनह्यांग ह्या कलावंतिणीच्या मुलीची आणि अंमलदाराच्या मुलाची पहिली भेट झाली, असे कथा सांगते. तो परीक्षेसाठी राजधानीला जातो. मागे नवा अंमलदार तिचा छळ मांडतो. अखेर तो भिकाऱ्याच्या वेषात परततो आणि राजाचा गुप्त अधिकारी म्हणून प्रकट होतो. कोरियन गायकांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या गायिली आणि सिनेमाने ती पुन्हापुन्हा पडद्यावर आणली. आजच्या मालिकांची ही पणजी म्हणावयास हरकत नाही.

आता जरा जपानात जाऊ. कारण ह्या जुन्या साच्यात युद्धाची राख प्रथम पडली ती तेथे. १९५२ च्या एप्रिलमध्ये एनएचके रेडिओवर काझुओ किकुता ह्यांची 'किमि नो ना वा', म्हणजे 'तुझे नाव?', ही श्रुतिका सुरू झाली. १९४५ सालच्या बॉम्बहल्ल्याच्या रात्री टोकिओच्या सुकियाबाशी पुलावर एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांचा जीव वाचवतात, जगलो-वाचलो तर सहा महिन्यांनी इथेच भेटू असा शब्द देतात आणि नावही न विचारता पांगतात. पुढे दोन वर्षे ती श्रुतिका चालली आणि ती दोघे सारखी चुकत राहिली. ती लागली की सार्वजनिक स्नानगृहांतला बायकांचा भाग ओस पडे, अशी आख्यायिका आहे. सिनेमाच्या जाहिरातवाल्यांनी ती रचली, असेही म्हणतात. पण रचली तरी लोकांना ती खरी वाटली ना? त्या शहरात असा न पाळला गेलेला शब्द कुणी ना कुणी ज्याच्या त्याच्या घरी दिलेला होता. सुकियाबाशी आता नाही. १९५८ साली खंदक बुजवून रस्ता काढताना तो पूल गेला. जवळच्या बागेत त्याच्या आठवणीचा एक दगड तेवढा उभा आहे.

कोरियाची राख मात्र विझलीच नाही. १९५० ते १९५३ च्या युद्धात लोंढ्यांमध्ये, स्टेशनांवर, नदी ओलांडताना घरेच्या घरे फुटली. काही माणसे उत्तरेत राहिली. पण काही दक्षिणेतच, एकाच शहरात, एकमेकांचा पत्ता नसताना तीस वर्षे जगत होती. ३० जून १९८३ च्या रात्री केबीएस ह्या सरकारी टेलिव्हिजनने ताटातूट झालेल्यांसाठी दीड तासाचा थेट कार्यक्रम ठेवला. तो थांबेना! १४ नोव्हेंबरपर्यंत, १३८ दिवसांत मिळून ४५३ तास ४५ मिनिटे तो चालला. एक लाखाहून अधिक अर्ज आले. सुमारे ५३ हजार माणसे पडद्यावर आली. दहा हजारांवर कुटुंबांची गाठ पडली. केंद्राच्या भिंती, पायऱ्या आणि समोरचे मैदान हाताने लिहिलेल्या फलकांनी भरून गेले. नाव, वय, मूळ गाव, कुठे चुकामूक झाली, एवढाच मजकूर. कित्येकांना स्वतःचे खरे नावही ठाऊक नव्हते, कारण ते अनाथाश्रमाने दिलेले होते. दोन शहरांतली दोन माणसे पडद्याच्या दोन भागांत समोरासमोर येत आणि एकमेकांना प्रश्न विचारीत: अंगावर व्रण कुठे आहे, घरी काय म्हणून हाक मारीत. खूण पटली की बोलणे संपे आणि रडणे सुरू होई. २०१५ साली युनेस्कोने ह्या साऱ्या चित्रफिती व कागदपत्रे जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदविली.

हा इतिहास समजल्यावर अक्काचा प्रश्न पुन्हा ऐकावा. त्यात आणखी एक गोष्ट मिळवा. आपल्याकडे सगोत्र विवाह पूर्वी निषिद्ध मानीत, तसा कोरियात एका आडनावाच्या व एका मूळ कुळाच्या वधूवरांचा विवाह कायद्यानेच बंद होता. तेथील घटना न्यायालयाने १९९७ साली ते कलम अवैध ठरविले आणि २००५ साली ते पुस्तकातून गेले. तेव्हा 'हा माझा कोण?' ही भीती लेखकाने कल्पनेतून काढलेली नाही. ज्या प्रेक्षकांनी १९८३ चा उन्हाळा टेलिव्हिजनपुढे बसून रडत काढला, त्यांच्यासाठी लेखक पुढे मालिका लिहीत होते.

त्यांतलीच एक 'विंटर सोनाटा'. दिग्दर्शक यून सोक-हो, वर्ष २००२, भाग वीस. शाळकरी वयातले पहिले प्रेम, पहिला बर्फ, वर्षाच्या शेवटच्या रात्री भेटायचे ठरते आणि मुलगा अपघातात जातो. दहा वर्षांनी हुबेहूब त्याच्यासारखा वास्तुशिल्पी अमेरिकेहून येतो. तो तोच असतो, स्मृती गेलेला. आणि मग भावाबहिणीचा संशय हवाच! चुंबने मोजकी, गळपट्टे पुष्कळ. एनएचकेने २००३ मध्ये ती उपग्रह वाहिनीवर दाखविली, त्याच वर्षी पुन्हा दाखवावी लागली, आणि २००४ च्या एप्रिलपासून मुख्य वाहिनीवर आणली. त्या महिन्यात नायक बे योंग-जून टोकिओला उतरला तेव्हा विमानतळावर सुमारे पाच हजारांची गर्दी होती, आणि तीत बहुतेक मध्यमवयीन व म्हाताऱ्या बायका. त्यांनी त्याला 'योन-सामा' केले. 'सामा' हा आपल्या 'महाराज'सारखा मोठा आदराचा शब्द.

मला येथे थांबावेसे वाटते. जपानने १९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर राज्य केले, कोरियन माणसांना जपानी नावे घ्यावयास लावली. दक्षिण कोरियाने जपानी सिनेमा व गाण्यांसाठी दार किलकिले केले तेच मुळी १९९८ नंतर. त्या राज्यकर्त्यांच्या लेकी-नातींनी एका कोरियन तरुणाला आदराचा प्रत्यय लावावा, त्याची भाषा शिकावयास वर्गात बसावे, हान नदीच्या उपनदीतल्या नामी बेटावर त्याच्या पाऊलखुणा शोधीत जावे, ही लहान गोष्ट नव्हे. पुरुष हसले. पण २००४ साली साठीची असलेली बाई १९५२ साली आठ वर्षांची होती. सुकियाबाशीवरची चुकामूक तिने आईच्या मांडीवर ऐकलेली असणार. माझी खात्री आहे की तिने परका नायक पाहिलाच नाही. अर्धशतकापूर्वी पुलावर न आलेला माणूस एकदाचा येऊन उभा राहिलेला तिने पाहिला. ह्याने दोन राष्ट्रांतला हिशेब मिटला असे मात्र कुणी समजू नये. २०११ साली टोकिओत एका टेलिव्हिजन कंपनीपुढे, कोरियन मालिका फार दाखवता म्हणून मोर्चे निघालेच.

तैवानच्या कादंबरीकार छ्युंग याओ ह्यांच्याविषयी खरे तर वेगळा लेख हवा. चीनमध्ये जन्मलेली ही मुलगी १९४९ मध्ये समुद्रापलीकडे गेली. १९८७ पर्यंत तैवानहून मुख्य भूमीवरच्या नातलगांना भेटावयास जाण्याची परवानगीच नव्हती. त्या काळात तिच्या प्रेमकथांवर दोन पिढ्या रडल्या, ह्याचे नवल वाटत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली 'क्रॅश लँडिंग ऑन यू' अक्काची विशेष आवडती. वादळात भरकटून सीमेपलीकडे पडलेली दक्षिणेची श्रीमंत मुलगी आणि उत्तरेचा सेनाधिकारी. त्यांची पूर्वीची, नकळत झालेली भेट स्वित्झर्लंडमध्ये एका झुलत्या पुलावरची, आणि शेवटी त्यांच्या वाट्याला येतात वर्षातले दोन आठवडे, तेही त्याच परक्या देशात. विणकरीण आणि गुराखी ह्यांना एकच रात्र होती. ह्या मालिकेत दिसलेला इझेल्टवाल्ड गावचा तलावाकाठचा धक्का पाहावयास इतके लोक लोटले की गावाने तेथे फिरते दार बसवून पाच फ्रँक घ्यावयास सुरुवात केली.

खऱ्या माणसांना तेवढेही मिळाले नाही. २००० पासून २०१८ पर्यंत दोन्ही कोरियांनी समोरासमोरच्या भेटींच्या एकवीस फेऱ्या केल्या. दक्षिणेत नाव नोंदविलेल्या एक लाख तीस हजारांहून अधिक माणसांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. ह्या भेटींसाठी कुमगांग पर्वताजवळ बांधलेली इमारत उत्तर कोरिया पाडीत असल्याचे दक्षिण कोरियाच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले.

हे मी अक्काला वाचून दाखविले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि ते दोन आठवडे संपल्यावर ती परत जायची, तेव्हा स्टेशनावर कोण कुणाला सोडायला येत असेल रे?"