आणसूरचं झाड, वेतोऱ्याचं झाड

वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीचं कूळ शोधत मागे गेलं की आमच्याच वेंगुर्ला तालुक्यातली दोन गावं भेटतात. १९९७ साली आलेली ही जात वेंगुर्ला-३ आणि तमिळनाडूतल्या वृद्धाचलमच्या एम १०/४ यांच्या संकरातली. वेंगुर्ला-३ चा जन्म आणसूर-१ आणि वेतोरे-५६ या झाडांच्या संकरातून झाला. आणसूर, वेतोरे म्हणजे आमच्या रोजच्या जाण्यायेण्यातली गावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कामात गावाचा वाटा किती, हे मला या नावांइतकं दुसऱ्या कशानेच पटत नाही.

माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेला काजूचा छोटा कारखाना आता मी चालवते. त्यामुळे हा इतिहास मी बीच्या बाजूने वाचते.

पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड आमच्या कातळांवर बीपासूनच वाढत राहिलं. काजूत परपरागीभवन होतं. आईचा गुण बीतून उतरेलच याची खात्री नाही. शेजारच्या दोन झाडांत एकाची बी टपोरी, दुसऱ्याची चिंचोक्याएवढी. १९५७ साली वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र सुरू झालं. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि केंद्र त्याच्याकडे गेलं. काजूच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचंही ते एक केंद्र झालं. याच केंद्राची १९७४ ची वेंगुर्ला-१ ही आणसूरच्या झाडातून केलेली निवड.

पण चांगलं झाड सापडणं वेगळं आणि ते हजारो शेतांत जसंच्या तसं उभं करणं वेगळं. त्यासाठी कलम हवं. मातृवृक्षाच्या डोळकाडीची पानं आठवडाभर आधी छाटायची, पिशवीतल्या कोवळ्या रोपावर पाचर मारून ती बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. हे मृदुकाष्ठ कलम आमच्या दमट हवेत छान जीव धरतं. ते बांधणारे हात रोपवाटिकांमध्ये तयार झाले. मग १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीतून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान दिलं आणि पडीक वरकस जमिनीत सात-सात मीटरवर, हेक्टरी दोनशेच्या आसपास कलमं लागली. जात विद्यापीठाची, पैसा सरकारचा, रोपं रोपवाटिकांची, घाम शेतकऱ्याचा. यातलं एक जरी नसतं, तरी आज सिंधुदुर्गातले डोंगर असे काजूने भरलेले दिसले नसते, असं मला वाटतं.

आता कारखान्यात या. वेंगुर्ला-१ ची बी साधारण सहा ग्रॅमची, वेंगुर्ला-४ ची साडेसातच्या वर, वेंगुर्ला-७ ची दहाची. म्हणजे एका किलोत आधी दीडशेहून जास्त बिया फोडाव्या लागत, आता शंभर. व्यापारी गराचा भाव पौंडात किती गर बसतात त्यावर ठरवतो. डब्ल्यू-१८० म्हणजे पौंडाला एकशेऐंशी. वेंगुर्ला-७ चा गर त्या प्रतीचा, आणि त्याला वरचा भाव. आमच्याकडे फोडणाऱ्या बायकांना मजुरी गराच्या किलोवर मिळते. बी मोठी झाली की त्याच वेळात त्यांच्या हातात जास्त पैसे पडतात. जातीच्या माहितीपत्रकात उत्पन्न, बीचं वजन, गराचा उतारा हे सगळं असतं. या बायकांच्या मजुरीचा रकाना मात्र नसतो. माझ्या दृष्टीने तीच या संशोधनाची सगळ्यात मोठी कमाई आहे.

टरफलातला चीक मात्र कोणत्याही जातीत तसाच जाळतो. माझ्या सासूबाई हातांना राख चोळून फोडायला बसत. आमच्या बायका आज तेल लावतात, तरी हंगाम संपेपर्यंत बोटं काळी पडतात आणि कातडी सोलवटते. बी वाफवण्याच्या पद्धतीमुळे आणि पायाने चालणाऱ्या यंत्रामुळे त्रास कमी झाला, संपला नाही. झाडावर इतकी वर्षं एकत्र काम झालं, तसं या हातांवर व्हायला हवं. विद्यापीठ, सरकार आणि आम्ही कारखानदार पुढच्या कामासाठी एकत्र बसू, तेव्हा फोडणाऱ्यांपैकी एकीलाही त्या बैठकीला बोलवा, आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नका.