विद्वानांच्या उतरण्याची सोय

विद्वत्परिषदांचा इतिहास सांगताना आपण अध्यक्षीय भाषणे, निबंधांचे विषय आणि संमत झालेले ठराव यांच्यावर भर देतो. अधिवेशनाच्या वृत्तांतात स्वागत समितीची नावे, वर्गणीचे दर, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय, कोणत्या संस्थेने कोणाला प्रतिनिधी म्हणून पाठवले याची यादी असा मजकूर जेथे असतो, तेथे वाचक पान उलटून पुढे जातो. विद्येच्या इतिहासाचा बराच भाग या उलटलेल्या पानांत आहे, असे माझे मत आहे. विद्वान कोठे, वर्षाच्या कोणत्या दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने जमले, यावरून विद्वान म्हणून कोणाची गणना व्हायची हेही ठरत आले. एकट्या पुण्याचा इतिहास पाहिला तरी पेशवाईपासून विसाव्या शतकापर्यंत खर्चाचा ओघ उलटा फिरलेला दिसतो. पूर्वी यजमान विद्वानाला द्रव्य देऊन बोलावी. पुढे विद्वान शुल्क भरून येऊ लागला. या बदलात कोणी आत आले आणि कोणी बाहेर राहिले, हा खरा प्रश्न आहे.

पेशवाईतील श्रावणमासाची दक्षिणा ही त्या जुन्या व्यवस्थेची मोठी साक्ष. तळेगावला सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा १७३१ साली त्र्यंबकराव दाभाडे डभईच्या लढाईत पडल्यावर पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली आणि वाढवली. पर्वतीच्या पायथ्याशी भिंतींनी बंदिस्त केलेल्या आवारात, म्हणजे रमण्यात, सामान्य ब्राह्मणांना घेत आणि दक्षिणा हातावर ठेवून एकेकाला बाहेर सोडत, म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा रांगेत येत नसे. शास्त्री-पंडितांची गोष्ट वेगळी होती. त्यांची परीक्षा होई, विद्येप्रमाणे रक्कम ठरे, मोठ्यांना शालजोडी मिळे. काशीपासून तेलंगण-कर्नाटकापर्यंतचे पंडित त्यासाठी पुण्यास येत, आणि तेही ऐन पावसाळ्यात, नद्यांना पूर असताना. प्रवासाच्या दृष्टीने याहून गैरसोयीचा महिना सापडणे कठीण. पण दसऱ्याला फौजा मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यात छावणीला परतत, त्यामुळे यजमान घरी असण्याचा काळही हाच. धर्मशास्त्राने श्रावण पुण्यकारक ठरवला होता आणि राज्यकारभारानेही तोच सोयीचा केला होता. पाहुण्याच्या सोयीचा विचार तारखेत नव्हता; तो पंगतीत आणि दक्षिणेत होता.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हा दानधर्म होता, विद्वत्परिषद कसली? शिवाय तो एकाच वर्णापुरता होता. बाकीच्या समाजाने कर भरायचा आणि दक्षिणा ब्राह्मणांनी घ्यायची, अशी ती रचना. हा अन्याय कोणत्याही सांस्कृतिक वैभवाच्या वर्णनाखाली झाकता येणार नाही, आणि तो झाकण्याचा माझा हेतूही नाही. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. परीक्षेसाठी दूरदूरचे शास्त्री एका शहरात येऊन राहत, परस्परांची विद्या पारखत आणि आपापल्या गावी परतत. हे काम पुढे अधिवेशनांनीही केले. आणि त्या चौकटीत का होईना, गरीब वैदिकाला वाटखर्चाची चिंता नव्हती, कारण त्याची विद्या हेच त्याचे भाडे होते. वर्णाचे दार बंद असलेली ती व्यवस्था पैशाच्या बाबतीत उघडी होती. नंतरच्या व्यवस्थेने वर्णाचे दार निदान नियमात उघडले आणि पैशाचे दार लावून घेतले.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तीच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाली. १८४९ साली लोकहितवादींसह काही सुधारकांनी अर्ज केला की, या रकमेतून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. म्हणजे माणसाला गावी बोलावून द्यायचे द्रव्य आता पुस्तकाला मिळू लागले. सुधारकांची बाजू न्याय्य होती यात शंका नाही. पण त्या वेळी एक पोकळीही निर्माण झाली. विद्वानांनी एकत्र जमण्याचा खर्च उचलणारे कोणी उरले नाही, आणि ती पोकळी भरायला बराच काळ लागला.

ती भरली रेल्वेने. १८५८ साली आगगाडी पुण्यास पोचली, १८७० साली मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला, पुढच्या वर्षी मद्रासचा. त्यानंतरच 'अखिल भारतीय' या शब्दाला प्रत्यक्ष अर्थ आला. या नव्या जमण्याची रीत राजकारणाने बसवून दिली. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात पुण्यात व्हायचे होते. सार्वजनिक सभेची तयारीही झाली होती. पण शहरात पटकीची साथ आली आणि अधिवेशन मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत न्यावे लागले. पाठशाळेची इमारत आणि तिचे विद्यार्थीगृह मोकळे मिळाले, म्हणून इतक्या थोड्या अवधीत हे जमले. पुढे विद्वत्परिषदांनी जे साधन शतकभर वापरले ते येथे पहिल्यांदा ठळक दिसते: सुटीत रिकामे झालेले विद्यालय आणि त्याची वसतिगृहे. नाताळच्या सुटीत न्यायालये बंद, शाळा-कॉलेजे बंद, हवा थंड आणि रस्ते कोरडे. श्रावणाची जागा डिसेंबर-जानेवारीने घेतली.

परदेशच्या परिषदांचा अनुभव याच सुमारास आपल्याकडे येऊ लागला आणि त्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे उदाहरण फार बोलके आहे. १८७४ साली लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेचे त्यांना निमंत्रण आले. त्यांना जाता आले नाही. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा त्यांचा निबंध मात्र गेला. १८८६ साली ते व्हिएन्नाच्या परिषदेस प्रत्यक्ष गेले, मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून. मधल्या १२ वर्षांत त्यांची विद्वत्ता नव्याने सिद्ध व्हायची राहिली होती असे नाही. पाठवणारी संस्था आणि खर्च ही जोड मात्र तेव्हा मिळाली. व्हिएन्नाला त्या वेळी बूलर प्राध्यापक होते. मुंबई इलाख्यात हस्तलिखितांचा शोध घेण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली होती. त्या भेटीवर भांडारकरांनी परतल्यावर व्याख्यान दिले. परिषद म्हणजे काय आणि ती कशी चालते, हे पुण्या-मुंबईच्या विद्याप्रेमींना त्यातून पाहिलेल्या माणसाच्या तोंडून कळले.

विज्ञानाच्या बाजूने हीच गरज एकटेपणातून उभी राहिली. लखनौला मॅकमहॉन आणि मद्रासला सायमन्सन हे दोन रसायनशास्त्रज्ञ शिकवीत होते. आपल्या विषयाबद्दल बोलायला जवळ फारसे कोणी नाही, ही अडचण दोघांची. १८३१ साली यॉर्कमध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश असोसिएशनचा नमुना त्यांच्यासमोर होता: अधिवेशन दर वर्षी नव्या गावी, आणि गावची समिती यजमान. १९१४ च्या जानेवारीत कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत आशुतोष मुखर्जींच्या अध्यक्षतेखाली पहिली सायन्स काँग्रेस भरली. १०५ शास्त्रज्ञ आले, ३५ निबंध वाचले गेले. १९१९ साली ती मुंबईला आली, १९२० साली नागपूरला. फिरत्या अधिवेशनाचा फायदा मोठा होता. ज्या गावी ते जाई, तेथल्या कॉलेजांना आपले सभागृह, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय पाहुण्यांना दाखवण्याजोगे करावे लागे. पुणे विद्यापीठ स्थापन होऊन वर्षही पुरे झाले नव्हते, तेव्हा १९५० च्या जानेवारीत महालनोबिसांच्या अध्यक्षतेखालील अधिवेशन पुण्यात झाले. नव्या विद्यापीठाच्या शहराला देशभरच्या विद्वानांपुढे उभे करणारी ती घटना होती.

परंतु माझ्या मुद्द्याची खरी कसोटी १९१९ च्या नोव्हेंबरात लागते. ५ ते ७ तारखांना पुण्यात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली. यजमान भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, तिला अडीच वर्षेही झाली नव्हती. अध्यक्ष ८२ वर्षांचे भांडारकर. आदल्याच वर्षी इन्फ्लुएन्झा आणि अवर्षण या दोन्हींनी इलाखा पोळला होता आणि महायुद्धानंतरची महागाई चालूच होती. अशा काळात एका तरुण संस्थेने देशभरच्या पाहुण्यांची जबाबदारी घेतली, ही गोष्ट तिथल्या निबंधांइतकीच आदराने सांगायला हवी. आता तेथे कोण आले ते पाहू. विद्यापीठांनी, सरकारांनी, संस्थानांनी आणि संशोधन मंडळांनी प्रतिनिधी पाठवले. प्रतिनिधीला प्रवासभत्ता मिळे, रजा मिळे. बाकीच्यांनी सभासदत्वाचे शुल्क भरावे. ज्या शास्त्र्याच्या मागे कोणतीही संस्था नाही, माधुकरीवर वाढून ज्याने न्याय किंवा व्याकरण मुखोद्गत केले, त्याला या व्यवस्थेत स्वतःहून येण्याचा मार्गच नव्हता. तो तुकारामबोवांच्या वाटेवरच्या वारकऱ्यासारखा पायी चालत आला असता तरी सभासदांच्या यादीत बसला नसता. त्याची विद्या प्राच्यविद्येचा विषय होती, आणि तो स्वतः परिषदेचा सभासद नव्हता. ही उणीव प्राच्यविद्येच्या धुरीणांना जाणवली असावी, कारण पुढच्या अधिवेशनांत पंडित-परिषदेचा वेगळा भाग रूढ झाला आणि तेथे शास्त्री संस्कृतातून वादविवाद करू लागले. १९३३ साली बडोद्याला आणि १९३५ साली म्हैसूरला परिषद गेली. तेथे संस्थानी आतिथ्याच्या रूपाने जुना राजा-यजमान काही दिवसांपुरता परत आला.

उतरण्याइतकाच जेवणाचा प्रश्न नाजूक होता. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसह काही मंडळींनी चहा घेतला, त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ शहरात पेटला. त्याच शहरात एका पिढीच्या आत पारशी, मुसलमान, युरोपीय, बंगाली आणि द्रविड पंडितांना तीन दिवस सांभाळायचे होते. सोवळ्याचा स्वयंपाक, स्वतः शिजवणाऱ्याला शिधा, चहापानाला वेगळी टेबले, अशा तडजोडींशिवाय त्या काळच्या कोणत्याही मोठ्या जमावाचे चालत नसे. अशा तडजोडी विषमतेला मान्यता देत, हे खरे. पण व्याख्यानाच्या मंडपात मात्र सारे एका रांगेत बसत, आणि सभागृहातली ही सवय हळूहळू भोजनगृहात शिरली. स्त्रियांच्या बाबतीत ही गती याहून मंद होती. पुरुषांच्या रिकाम्या वसतिगृहांवर उभी असलेली व्यवस्था एकट्या येणाऱ्या संशोधक स्त्रीचा विचार करीत नव्हती. १९४७ साली दिल्लीच्या सायन्स काँग्रेसमध्ये मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद इरावती कर्व्यांनी भूषवले. संपूर्ण अधिवेशनाच्या अध्यक्षपदी स्त्री यायला १९७५ साल उजाडले, त्या असीमा चटर्जी. पहिल्या अधिवेशनापासून ६१ वर्षे.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे. विचारांना बळ असेल तर ते पोचतातच. भांडारकर गेले नाहीत तरी त्यांचा निबंध लंडनला गेलाच ना? मग भाडे आणि खोली यांना एवढे महत्त्व का? निबंध गेला हे खरे. परंतु लेखी निबंधाला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि निबंधाला दुसऱ्याचे निबंध ऐकता येत नाहीत. परिषदेत माणूस जातो तो ऐकण्यासाठीही. हस्तलिखित कोठे आहे, कोण कोणत्या शिलालेखाचे वाचन करीत आहे, कोणाचा तर्क डळमळीत आहे, ही माहिती छापील वृत्तांतात उशिरा येते किंवा येतच नाही. हाच आक्षेप आता दूरसंचाराच्या साधनांच्या आधारे नव्याने घेतला जातो: पडद्यावर परिषद होत असताना प्रवास कशाला? करोनाच्या काळात या साधनांनी कितीतरी जणांना प्रथमच दार उघडले, आणि ती सोय ठेवलीच पाहिजे. मात्र तेथेही शुल्क आहे, वेळ आहे आणि संस्थेची रजा आहे. व्यवस्थेचा प्रश्न सुटला नाही, त्याचे रूप बदलले.

सायन्स काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन २०२३ च्या जानेवारीत नागपूर विद्यापीठात झाले. पुढचे पंजाबात एका खासगी विद्यापीठात ठरले होते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने निधी काढून घेतला, संघटनेशी वाद झाला, यजमान विद्यापीठाने माघार घेतली, आणि २०२४ ची जानेवारी अधिवेशनाविना गेली. निबंध वाचायला तयार असलेले शास्त्रज्ञ तेव्हाही देशात होते. घर मिळाले नाही. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे असंख्य तरुण संशोधक १९१९ च्या त्या शास्त्र्याच्या जागी उभे आहेत. त्यांना कर्तव्यरजा नाही, प्रवासभत्ता नाही, आणि नोंदणी शुल्क मात्र कायमच्या प्राध्यापकाइतकेच. परिषद भरवणाऱ्या विद्यापीठाने अंदाजपत्रकात पहिली रक्कम अशा संशोधकांच्या गाडीभाड्यासाठी आणि वसतिगृहातील खोल्यांसाठी बाजूला काढावी, आणि मग प्रमुख पाहुण्यांच्या विमानाचा व हॉटेलचा हिशेब मांडावा.