सापेक्ष आकारमांडणी
आकृत्या रेखाटणाऱ्या संगणकीय आज्ञावलींत एखाद्या आकाराचे स्थान थेट निर्देशकांनी न सांगता दुसऱ्या आकाराच्या संदर्भाने ठरवण्याची पद्धत. एक आकार लहानमोठा केला, की बाकीच्यांची जागा आपोआप बदलते. ब्रायन कर्निघन यांच्या ‘पिक’ भाषेत (१९८० च्या दशकाचा आरंभ) ही पद्धत दिसते. ब्रेंट यॉर्गी यांच्या हास्केल भाषेतील ‘डायग्रॅम्स’ लायब्ररीने तिला गणिती बैठक दिली.

डायग्रॅम्समध्ये प्रत्येक आकृतीला स्वतःचा स्थानिक आरंभबिंदू आणि ‘एन्व्हेलप’ (सीमाफलन) असते. दिलेल्या दिशेला लंब असलेली रेषा आरंभबिंदूपासून किती दूर नेली म्हणजे संपूर्ण आकार तिच्या अलीकडे राहतो, हे सीमाफलन सांगते. ‘बिसाइड’ ही क्रिया पहिल्या आकृतीचे त्या दिशेचे आणि दुसरीचे विरुद्ध दिशेचे अंतर मिळवून दुसरी आकृती तितकी सरकवते. उदा., २ एकक त्रिज्येच्या वर्तुळाच्या उजवीकडे २ एकक बाजूचा चौरस ठेवल्यास मध्यबिंदूंतील अंतर २ + १ = ३ एकक होते. संयुक्त आकृतीचा आरंभबिंदू पहिल्या आकृतीचाच राहतो. ‘एटॉप’ क्रिया आरंभबिंदू जुळवून आकृत्या एकमेकींवर ठेवते. ‘स्ट्रट’ ही अदृश्य आकृती केवळ जागा राखते.

सीमाफलनाला आकारातील खाचा दिसत नाहीत. त्यामुळे अंतर्वक्र आकार एकमेकांत बसत नाहीत. तिरक्या दिशेने ठेवलेल्या काही आकारांत फटही उरते.