गाजर गवताचा प्रसार : बियांच्या गुणधर्मांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

महाराष्ट्रातील पडीक जमिनी, रेल्वेमार्गांच्या कडा आणि गावोगावचे उकिरडे व्यापणारी वनस्पती गाजर गवत अथवा काँग्रेस गवत या नावाने सर्वश्रुत आहे. तिचे पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे शास्त्रीय नाव लिनीअसने १७५३ मध्ये दिले. ती वस्तुतः गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातील असून उष्णकटिबंधीय अमेरिका ही तिची मूळ भूमी होय. अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' कायद्यान्वये आलेल्या गव्हातून ती भारतात शिरली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

कालक्रम तपासला असता हे मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. सदर कायदा जुलै १९५४ मध्ये संमत झाला आणि त्याखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. आर. एस. राव यांना मात्र ही वनस्पती पुण्यात १९५५ मध्येच आढळली होती. त्यांची नोंद पुढील वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आयात धान्याचा संबंध याने निकालात निघतो असे नाही. १९५१ मध्येही अमेरिकेने भारताला धान्यखरेदीसाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. परंतु लोकस्मृतीने दोन वेगळ्या व्यवहारांची गल्लत केलेली दिसते, आणि राजकीय रोषाला 'काँग्रेस गवत' हे नाव सोयीचे ठरले. (पांढरी फुले गांधी टोपीसारखी दिसतात, अशीही या नावाची एक उपपत्ती सांगतात.)

याहून महत्त्वाची बाब अशी की, रॉक्सबर्गच्या १८१४ च्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या सूचीत या वनस्पतीचे नाव आढळते. म्हणजे वनस्पती देशात येणे आणि तिने देश व्यापणे या भिन्न घटना होत. ऑस्ट्रेलियाचा इतिहासही हेच दर्शवितो. क्वीन्सलंडमधील टूगूलावा येथे ती १९५५ मध्ये नोंदली गेली, पण तेथून फारशी पसरली नाही. क्लेरमाँट परिसरात १९६० च्या सुमारास टेक्सासहून आलेल्या गवताच्या बियाण्यातून मिसळून आलेल्या वाणाने मात्र विस्तीर्ण कुरणे व्यापली. जाती एकच असूनही दोन आगमनांची फलिते इतकी वेगळी झाली.

प्रसाराचे रहस्य बरेचसे बियांतच आहे. प्रत्येक पुष्पगुच्छात साधारणतः पाच काळी, चपटी, सुमारे दोन मिलिमीटर लांबीची फळे धरतात आणि तीच व्यवहारात बी म्हणून ओळखली जातात. प्रत्येक फळास दोन वंध्य पुष्पके चिकटलेली असतात. हवेने भरलेली ही पुष्पके पाण्यावर तरंगण्यास साहाय्य करतात. वाऱ्याने बी जवळपासच पडते. दूरचा प्रवास मात्र पाणी, चिखल, वाहनांची चाके, शेणखत, वाळू आणि धान्य यांच्याबरोबर, अर्थात माणसाच्याच हातून घडतो. एका झाडापासून १५ ते २५ हजार बिया मिळतात आणि उगवण झाल्यावर महिना-दीड महिन्यात झाड फुलू लागते. ओलावा असला की कोणत्याही ऋतूत उगवण होत असल्याने एका वर्षात अनेक पिढ्या निघतात. पृष्ठभागावरील बिया लवकर संपतात, पण मातीत गाडल्या गेलेल्या कित्येक वर्षे जिवंत राहतात. नांगरट, रस्तेबांधणी आणि इमारतींचे खोदकाम ही कामे, म्हणजे स्वातंत्र्योत्तर विकासाची चिन्हेच, या साठ्याला वेळोवेळी वर आणीत राहिली. बंदरावरील तपासणीइतकेच लक्ष या अंतर्गत वाहतुकीकडे द्यावयास हवे होते. ते दिले गेले नाही.

त्याची झळ सर्वप्रथम लागली ती उघड्या हातांनी तण उपटणाऱ्या शेतमजुरांना आणि सफाई कामगारांना. पार्थेनिनमुळे होणारा त्वचादाह १९७० च्या दशकात वैद्यकीय वाङ्मयात नोंदला गेला. १९८४ मध्ये बंगळूर येथे मेक्सिकन भुंगेरा सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो, मात्र जमिनीतील बियांना त्याचा काहीच उपद्रव होत नाही. निर्मूलन मोहिमाही पुष्कळदा झाडे फुलल्यावर सुरू होतात. तेव्हा उपटलेले पक्व झाड रस्त्याने ओढीत नेले की बी वाटेतच सांडते.