अडीच किलो पाणी

आषाढातली गोष्ट. मासेमारी बंद, पुढे श्रावण येणार, म्हणजे कट्ट्याच्या बाजारात धिंगरी अळंबीला मागणी असते. अळंबीचं बियाणं, म्हणजे स्पॉन, आम्ही गटातल्या बायका घरच्याच मांगरात तयार करतो. त्या खेपेला काय झालं, ते सोमवार सकाळपर्यंत उरलेल्या तासांच्या हिशेबात मांडते आहे, कारण नुकसान मोजलं सोमवारी आणि झालं होतं गुरुवारी.

बुधवार, रात्री ८. उरले १०८ तास.
घाटावरून आलेली १० किलो ज्वारी निवडून धुतली आणि भिजत घातली. आम्ही ज्वारी वापरतो, कारण दाणा गव्हापेक्षा बारीक. एका किलोत दाणे जास्त, आणि अळंबीची बुरशी चढलेला प्रत्येक दाणा बेडच्या पेंढ्यात गेला की तिथून नवी वाढ सुरू करतो. रात्रभर भिजवण्याचं कारण फक्त दाणा मऊ होणं एवढंच नाही. दाण्यावर जिवाणूंचे बीजाणू कोरड्या, कडक कवचात झोपलेले असतात. ओल मिळाली की त्यातले बरेचसे जागे होतात, आणि जागे झालेले उष्णतेने सहज मरतात. इथपर्यंत आमचं काही चुकलं नव्हतं.

गुरुवार, सकाळी ९. उरले ९५ तास.
पाणी उपसून ज्वारी टोपात घातली, टोप मागच्या चुलीवर. लाकडं दमट, आच कधी मोठी, कधी नुसता धूर. उकळी आल्यावर १५ ते २० मिनिटं पुरतात. मी अर्धा तास ठेवली, कारण मधूनमधून दाणा दाबून बघत होते आणि तो मला कच्चा वाटत होता.

इथे माझ्या हाताने मला फसवलं. आम्ही उकड्या तांदळाची पेज करणारी माणसं. बोटात शीत दाबलं आणि ते पूर्ण मऊ लागलं, की झालं, ही सवय लहानपणापासूनची. शितावरून भाताची परीक्षा भाताला चालते. स्पॉनच्या ज्वारीचा दाणा दाबला जायला हवा, पण पीठ बाहेर यायला नको. आतून शिजलेला, साल मात्र अखंड. आणि एक दाणा बघून भागत नाही. मूठभर दाणे ताटलीत पसरून फुटलेले किती ते मोजावे लागतात. फुटलेल्या दाण्यातून पीठ निघतं, शेजारच्या दाण्यांना चिकटतं, त्यांचा गोळा होतो. त्या दिवशी प्रत्येक मुठीत चारपाच दाणे उमललेले होते. मी ते पाहिले आणि पुढे गेले.

सकाळी ९.४५. उरले साधारण ९४ तास.
रोवळीत निथळून ज्वारी पडवीत जाळीवर पसरली, वर पंखा लावला. दाण्याच्या आत पाणी हवं, बाहेर अजिबात नको, हे या कामातलं सगळ्यात अवघड. फाल्गुनात हे अर्ध्या तासात होतं. आषाढात, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात, हवाच पाण्याने भरलेली. ती दाण्यावरचं पाणी घेणार कुठे?

सकाळी ११.३०. उरले ९२ तास ३० मिनिटं.
लाईट गेली. पंखा थांबला. ज्वारीचा थर तीन बोटं जाड होता. वरचे दाणे सुकल्यासारखे दिसत होते, खालचे ताज्या पावसातल्या चिऱ्यासारखे चकाकत होते. थर हलवायचा, पातळ करायचा, दुसरी चटई आणायची, एवढं सहज जमलं असतं. पण अंगणात लावणीची माणसं जेवायला यायची होती.

दुपारी १.३०. उरले ९० तास ३० मिनिटं.
गटातल्या काकींनी मूठभर दाणे उचलून तळहातावर फिरवले. "गो, हाताक वल लागता हा अजून." त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर ते दाणे ठेवले. मिनिटाभरात कागदावर रुपयाएवढा ओला डाग. याहून स्पष्ट काय हवं? मी म्हटलं, "काकी, जिप्सम थोडं जास्त घालूया, सुटेल."

हे वाक्य मला अजून आठवतं. उकडलेल्या दाण्याच्या वजनावर २ टक्के जिप्सम आणि अर्धा टक्का खडूची भुकटी, हे रूढ प्रमाण. जिप्समने दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, खडूने आंबटपणा आटोक्यात राहतो. पण जिप्सम पाणी उडवत नाही. ते ओल्या दाण्याला कोरड्या दाण्याचं रूप देतं. मी ओल झाकली.

दुपारी ३.३०. उरले ८८ तास ३० मिनिटं.
पिशव्या भरून झाल्या. अर्ध्या किलोची एक, तोंडाला कडं आणि कापसाचा बोळा. एरवी १० किलो ज्वारीच्या ३५ पिशव्या होतात. आज ४० झाल्या, आणि आम्ही खूश झालो. ज्वारी तेवढीच, मग वरच्या पाच पिशव्यांत काय भरलं, हे कुणीच विचारलं नाही. तराजू दोन हातांवर होता.

संध्याकाळी ६. उरले ८६ तास.
ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाब, १२१ अंश, दोन तास. काटा बरोबर होता. पण ओल्या पिठाने घट्ट झालेल्या गोळ्याच्या पोटात वाफ पोचायला वेळ लागतो, आणि बीजाणू तिथेच वाचतात.

शुक्रवार, सकाळी १०. उरले ७० तास.
थंड झालेल्या पिशव्यांच्या तळाशी नखाएवढं पाणी साचलेलं. हलवल्या तर दाणे सुटे होऊन खळखळायला हवे होते. ते ढेकळासारखे एकदम सरकले. थांबायची ही शेवटची संधी होती. पिशव्या फोडून, सुकवून, पुन्हा भरल्या असत्या तर एक दिवस गेला असता. पण मूळ बियाण्याची बाटली उघडलेली होती. आम्ही चाळीसही पिशव्यांत ते टाकलं.

शनिवार, सकाळी १०. उरले ४६ तास.
टाकलेल्या दाण्यांभोवती पांढरा कापूस फुटला. मांगरात हसणं-खिदळणं. बुरशी दिवसाला काही मिलिमीटर सरकते. खाली, ओल्या थरात, जिवाणू तासाभरातच दुप्पट होत होते. त्या थरात हवा नव्हती, आणि बुरशीला श्वास घ्यायला हवा लागते.

रविवार, संध्याकाळी ६. उरले १४ तास.
मांगराचं दार उघडल्यावर वास आला. शिळ्या पेजेचा, आंबूस. पिशव्यांच्या खालच्या बाजूचे दाणे काचेसारखे पारदर्शक झालेले, मधे लाळेसारखी तार. वरची पांढरी वाढ त्या रेषेपाशी येऊन थांबलेली.

सोमवार, सकाळी ८.
मोजल्या. चाळीसपैकी एकतीस आंबलेल्या, दोनांत हिरवी बुरशी. उरलेल्या सातांवरही विश्वास ठेवावा असं काही राहिलं नाही. सगळ्या पुन्हा वाफवल्या आणि बेडांपासून लांब खड्ड्यात चुना घालून पुरल्या. तशाच फेकल्या असत्या तर हिरवी बुरशी पेंढ्यापर्यंत आली असती. स्पॉनचे पंधरा दिवस आणि बेडचे पंचवीस, म्हणजे श्रावणातली एक अख्खी पाळी गेली. पेंढा भरलेला होता, गिऱ्हाईकांना शब्द दिलेला होता. काकी काही बोलल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

रात्री हिशेब केला. १० किलो सुक्या ज्वारीत साधारण १२ टक्के पाणी असतं, म्हणजे कोरडा ऐवज ८.८ किलो. दाण्यात ४५ ते ५० टक्के ओल हवी असेल, तर उकडून निथळलेल्या ज्वारीचं वजन १६ ते १७.६ किलो भरलं पाहिजे. आमच्या ४० पिशव्या म्हणजे २० किलो. भुकटी वजा केली तर ज्वारी साडेएकोणीस किलोच्या आसपास. ओल ५५ टक्के. एरवीच्या खेपेपेक्षा जवळजवळ अडीच किलो पाणी जास्त. पाच पिशव्या आम्ही पाण्याच्याच भरल्या होत्या.

पावसाळ्यात स्पॉन करणाऱ्या माझ्या बहिणींना आणि भावांना एवढंच सांगणं आहे: भुकटी घालण्याआधी ज्वारी तराजूवर ठेवा. १० किलोची साडेसतरा किलोच्या वर भरली, तर पुन्हा पसरा, थर एका बोटापेक्षा जाड नको, आणि लाईट नसेल तर सुपाने वारा घाला. कागदावर डाग उमटतोय तोवर पिशवीचं तोंड बांधू नका.