गाडीवान ते मालमोटारचालक : पनवेलच्या एका व्यवसायाचा इतिहास

पनवेल हे गाव खाडीमुळे वसले आणि घाटामुळे नावारूपास आले, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. मुंबईहून पडावाने निघावे, पनवेलच्या बंदरावर उतरावे आणि तेथून बोरघाट चढून देशावर जावे, हा आगगाडी येण्यापूर्वीचा सर्वमान्य मार्ग होता. बंदरावर उतरलेला माणूस एक वेळ पायी किंवा मेण्यातून जाई; मालास मात्र वाहन हवे. त्या गरजेतून या गावी वाहतुकीचा जो धंदा उभा राहिला तो आजतागायत चालू आहे. वाहने बदलली एवढेच. स्मरणिकेत पदवीधर, वकील व डॉक्टर यांचा गौरव होतो आणि तो व्हावयासही पाहिजे. परंतु सभासदांची यादी चाळून पाहिल्यास मालमोटारीवर संसार चाललेली घरे त्यात थोडीथोडकी नाहीत. या धंद्यात नवा माणूस कसा शिरत असे व आज कसा शिरतो, त्याची हकीकत प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे.

सन १८०४ मध्ये जनरल वेलस्ली याने घाटातील वाट तोफा जातील इतपत रुंद करून घेतली. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० च्या नोव्हेंबरात, चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला घाटरस्ता खुला झाला. तोपर्यंत बैलांच्या पाठीवरून जाणारा माल आता गाड्यांतून जाऊ लागला, आणि पनवेलास गाडीवानांचा सुकाळ झाला. गाडीची चाके बनविणे हा या गावचा नामांकित धंदा होता. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरकारांनीही त्याची दखल घेतली आहे. तुंबा, आरे, पाटे आणि त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव, हे सारे कसब पनवेलच्या सुतार-लोहारांच्या हातात होते. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरून त्या काळच्या वर्दळीची कल्पना यावी.

त्यानंतर आगगाडी आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, १८५६ मध्ये खोपोली, आणि १८५८ मध्ये वरच्या अंगास खंडाळा ते पुणे असा लोहमार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत अपुरा होता. या पाच वर्षांत घाटाच्या पायथ्याशी उतरलेला माल बैलगाड्यांनीच वर चढवावा लागे. म्हणजे ज्या आगगाडीने पुढे गाडीवानाचे पोट मारले, तिला आरंभी गाडीवानाचाच खांदा लागला. १८६३ नंतर पनवेलचा दूरचा व्यापार ओसरला. तथापि भात, मीठ, गवत व लाकूडफाटा यांची जवळची ने-आण राहिली, कारण पनवेल शहरास आगगाडी पुढे शंभर वर्षे लाभली नाही. दिवा-पनवेल मार्ग झाला तो १९६४ मध्ये. माझ्या मते मालमोटारीला पनवेलात जो पाया मिळाला, तो या शंभर वर्षांच्या उणिवेमुळेच.

मोटारीसंबंधी सबंध देशास लागू होणारा पहिला कायदा १९१४ चा. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने महत्त्वाचा तो १९३९ चा कायदा. त्याने मालमोटार हाकणाराचे वय किमान वीस वर्षे ठरविले. भाड्याने माल नेणाऱ्या गाडीस परवाना सक्तीचा केला, आणि ‘पब्लिक कॅरिअर’ ही अक्षरे मोटारीच्या कपाळी आली. त्यानंतर महायुद्ध संपले व लष्कराने टाकून दिलेल्या मोटारी बाजारात आल्या. फोर्ड आणि शेव्हरोलेट यांच्या त्या गाड्या डागडुजी करून लोकांनी रस्त्यावर आणल्या. १९५४ मध्ये टाटांच्या कारखान्याने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. हा करार १९६९ मध्ये संपला, तरी जुने चालक टाटाच्या गाडीस पुढे कित्येक वर्षे ‘मर्सिडीज’च म्हणत असत.

कायद्याने वीस वर्षे म्हटले खरे. पण धंद्यातील शिक्षण चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुरू होई. मुलगा प्रथम क्लीनर म्हणून लागे. आपल्या बोलीत त्याला ‘किन्नर’ म्हणत. त्यास पगार जवळजवळ नसेच. जेवणखाण आणि वस्ताद देईल ती चार नाणी. पहाटे इंजिनात पाणी भरणे, तेल पाहणे, पुढे उभे राहून हँडल मारणे, टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणे, मालावर ताडपत्री ओढून दोर आवळणे, रात्री मालाशेजारीच निजणे, ही त्याची कामे. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा, दांड्यास वेढू नये, हा त्याचा पहिला धडा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे, आणि मोडलेल्या मनगटाचा मुलगा कोणी ठेवून घेत नसे.

खरी परीक्षा घाटात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत दीड हजार फुटांहून अधिक चढ. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात कण्हत चढे आणि क्लीनर हातात दगड किंवा लाकडी ठोकळा घेऊन तिच्या मागच्या चाकाबरोबर पायी चाले. गाडी थांबली की तत्क्षणी ठोकळा चाकामागे गेला पाहिजे. त्यात पळभर उशीर झाला तर गाडी, माल आणि मागचे वाहन, सारेच दरीच्या स्वाधीन. शिंग्रोबाच्या देवळाशी चालक नाणे टाकून पुढे जात. घाटाची वाट दाखविणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची आख्यायिका सर्वांस ठाऊकच आहे. तेथे गाडी क्षणभर मंदावे, आणि तेवढ्यात चाकाच्या पोलादावर हात ठेवून ते किती तापले आहे हे पाहण्याची शिस्त वस्ताद लावीत. देवाचेही झाले आणि गाडीचेही.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे घाटाबाहेरच्या माणसास पटत नाही. उतारावर नुसत्या ब्रेकावर भिस्त ठेवली तर ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक धरीत नाही. म्हणून ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, असा नियम. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे लोभी लोक तेव्हाही होते व आजही आहेत. जुन्या गाड्यांत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे आणि मधे इंजिनाचा वेग हाताच्या अंदाजाने जुळवावा लागे. उतारावर हा अंदाज चुकला की गिअर पडत नसे आणि गाडी मोकळी सुटे. यासाठीच वस्ताद क्लीनरास प्रथम तळोजा-मुंब्र्याच्या सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीवर, रात्री वर्दळ नसताना चक्र देत. मग भरलेल्या गाडीवर. आणि सर्वांत शेवटी घाटात, तोही आधी चढ व मागाहून उतार. हे कोठे लिहून ठेवलेले नव्हते, पण हा क्रम मोडणारा वस्ताद अड्ड्यावर नावे ठेवून घेई.

या पद्धतीचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मी शाळामास्तर असल्यामुळे तिची दुसरी बाजूही पाहिली आहे. सातवीच्या पटावरून दिवाळीनंतर नाहीशी झालेली मुले अड्ड्यावर काळ्या हातांनी भेटत. त्यांपैकी काहींनी पुढे स्वतःच्या दोन-दोन गाड्या केल्या. काही वीस-वीस वर्षे किन्नरच राहिले, कारण वस्तादास फुकटचा गडी सोडवत नसे. शिकविण्याची मुदत ठरलेली नाही, शिकला की नाही हे ठरविणारा तोच ज्याचा न शिकविण्यात फायदा, अशी ती शाळा होती.

कामाच्या तासांची गोष्टही अशीच. १९३९ च्या कायद्यात चालकास सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दिवसास नऊ व आठवड्यास चोपन्न तास अशी मर्यादा होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ती आठ व अठ्ठेचाळीसवर आणली. वाचून समाधान वाटते. परंतु १९६१ चा कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या संस्थेसच लागू होता. आपल्याकडे एकेका मालकाची एकेक-दोनदोन गाडी. तेव्हा ज्या चालकास झोपेची सर्वाधिक गरज, त्याच्यापर्यंत तो कायदा पोहोचलाच नाही. फेरीवर भत्ता मिळतो, तासावर नाही. म्हणून तो झोप विकून फेरी विकत घेतो. नव्या मुलाच्या घरच्यांनी मालकास प्रथम विचारावयाचे ते पगार किती हे नव्हे, तर गाडीवर दुसरा चालक आहे की नाही हे.

पनवेलचे रूप पालटले ते १९७० नंतर. त्या वर्षी सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला. तोवर मुंबईचा माल ठाणे-मुंब्रा-शीळफाटा-तळोजा असा वळसा घेऊन पनवेलास येई. राष्ट्रीय परवान्याची योजना १९७५ मध्ये निघाली, आणि राज्याराज्यांच्या सीमेवर अडणारा पनवेलचा चालक मद्रास-कलकत्त्यापर्यंत जाऊ लागला. मुंबईच्या कर्नाक बंदरावरचा लोखंडबाजार कळंबोलीस आला. मे १९८९ मध्ये न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. या साऱ्यासाठी पनवेल-उरणच्या गावांची शेती आणि मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांना प्राण द्यावे लागले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. मोबदल्याच्या पैशातून अनेक घरांनी डंपर वा ट्रेलर घेतले. ज्या घरांत तो हाकणारा स्वतःचा मुलगा होता त्यांची गाडी बहुधा टिकली. ज्यांनी परक्याच्या हाती दिली त्यांपैकी बऱ्याच जणांच्या दारात नुसते हप्ते राहिले.

कंटेनरने शिक्षणही बदलले. वीस अगर चाळीस फुटांची पेटी वाहणारा ट्रेलर मागे घेताना चक्र उलट फिरवावे लागते. मागचा सांगाडा डावीकडे न्यावयाचा तर आधी चक्र उजवीकडे. साध्या ट्रकवर दहा वर्षे काढलेला माणूसही येथे पुन्हा बालवर्गात बसतो. पेटीचे चारही कोपरे सांगाड्याच्या खिट्ट्यांत अडकले की नाहीत हे खाली उतरून स्वतः पाहावे लागते. घाईत हे न पाहणाऱ्यांच्या पेट्या वळणावर उलटतात. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ कळंबोलीसच आहे. सहा पदरांच्या त्या रस्त्यावर क्लीनर पायी चालत नाही. किंबहुना आता पुष्कळ गाड्यांवर क्लीनरच नाही. जो मुलगा पूर्वी पाच-सहा वर्षे शेजारी बसून घाट पाहत असे, तो आज काही आठवड्यांच्या शिकवणीवर एकटाच त्यात उतरतो. मला या धंद्यातील सर्वांत मोठा धोका हाच वाटतो.

सांप्रतची कायदेशीर वाट १९८८ च्या कायद्याने आखलेली आहे. अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना. तो किमान एक वर्ष बाळगल्यावर आणि वीस पूर्ण झाल्यावर जड वाहनाचा शिकाऊ परवाना, ज्याची मुदत सहा महिने. निदान तीस दिवस शिकल्यावर परीक्षा. सोबत डॉक्टरांचा दाखला व मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र लागते. परीक्षेत चढावर गाडी थांबवून, मागे न घरंगळता पुन्हा चालू करून दाखवावी लागते. ठोकळा घेऊन चालणाऱ्या किन्नराचे काम ते हेच, आता चालकाच्या दोन पायांवर आले आहे. स्फोटक, ज्वलनशील अशा धोक्याच्या मालासाठी वेगळे प्रशिक्षण व परवान्यावर तशी नोंद आवश्यक असते. तळोजा, पाताळगंगा व रसायनी येथील कारखान्यांमुळे आपल्याकडे या नोंदीस चांगली किंमत आहे, आणि ती घेतलेल्या मुलास काम शोधत हिंडावे लागत नाही.

२००७ मध्ये वाहतूक-परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट आली व २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. अट उठविणारांचे म्हणणे असे की, हात निष्णात असून कागद नाही म्हणून गरिबाचा रोजगार बुडू नये. ते खोटे नाही. परंतु रसायनाच्या टँकरवरील सूचना आणि विम्याच्या कागदावरील मुदत वाचता येणे हा चालकाच्या जिवाचा प्रश्न आहे. सरकारची अट गेली तरी घराने ती ठेवावी, या मताचा मी आहे. कोऱ्या कागदावर अंगठा वा सही देऊन गाडीचे कर्ज स्वतःच्या नावावर चढवून घेतलेले चालक मी पाहिले आहेत. ज्यांस चार ओळी वाचता येत होत्या ते त्यातून वाचले.

जानेवारी १९२४ च्या बैलगाडीवानास न कळती अशी एक गोष्ट जानेवारी २०२४ मध्ये घडली. अपघात करून, खबर न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्यायसंहितेत आल्याचे ऐकून देशभर चालकांनी चक्र सोडले, आणि त्याची झळ न्हावाशेवा-पनवेल पट्ट्यासही बसली. चालकांचे म्हणणे असे की, थांबलो तर जमाव मारतो आणि न थांबलो तर तुरुंग. जुलै २०२४ मध्ये संहिता अमलात आली तेव्हा तेवढे पोटकलम स्थगित ठेवण्यात आले. अशा वेळी पुढे जाऊन पहिल्या पोलीस चौकीवर स्वतः हजर होणे व गाडीचे कागद तेथे दाखविणे, ही जुन्या वस्तादांची शिकवण आहे आणि कायद्याच्या भाषेतही तिला अर्थ आहे.

हल्ली केबिनात बसण्याची सोय सुधारली. २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनात वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. परवान्याची मुदतही तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली. कळंबोलीच्या अड्ड्यावर पहाटे गेल्यास नवा मुलगा अद्यापि ओळखू येतो. जुना चालक चहा घेत असतो, आणि नवा गाडीभोवती फिरून एकेका टायरावर लोखंडी सळई ठोकून कान देत असतो.