संग्रहालयातले मिग आणि त्याचे गाळलेले पाठ

जुनी लढाऊ विमाने पाहायला आपण संग्रहालयात जातो तेव्हा बहुधा आपल्याला इतिहासाचा ‘पुरावा’ पाहिल्यासारखे वाटते. ग्रंथ खोटे बोलू शकतो, विमान कसे बोलेल, अशी आपली समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. संग्रहालयातले विमान ही देखील एक संहिता असते. कुणीतरी तिचे संपादन केलेले असते, आणि संपादन म्हटले की काही ठेवणे आणि काही गाळणे आलेच.

नवी दिल्लीत पालम येथे १९६७ साली हवाई दलाचे संग्रहालय स्थापन झाले. तेथील वापिती या दुहेरी पंखांच्या विमानापाशी भारतीय हवाई दलाचा आरंभ दिसतो. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली ती अवघ्या चार वापितींवर. पुढे हरिकेन, स्पिटफायर, व्हॅम्पायर, हंटर, नॅट, भारतात रचना झालेले मारुत अशी पिढ्यांची ओळ लागते. याच ओळीत मिग-२१ उभे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या प्रेक्षकाने मात्र त्याच्यापुढे थोडे अधिक थांबावे, कारण या विमानाच्या चरित्रातला मोठा अध्याय आपल्या जिल्ह्यात लिहिला गेला.

मालेगावहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघाले, की चांदवड आणि पिंपळगाव बसवंत मागे टाकल्यावर ओझर लागते. सोव्हिएत संघाशी १९६२ मध्ये करार झाला. १९६३ मध्ये चंडीगडला पहिली मिग दाखल झाली. त्याच वर्षी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि १९६४ मध्ये हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा ओझर येथील कारखाना स्थापन झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. आरंभी सोव्हिएत संघातून आलेले भाग येथे जोडले जात. पुढे कच्च्या मालापासून विमान घडू लागले. भारताने वापरलेल्या मिग-२१ पैकी सहाशेहून अधिक देशातच तयार झाली.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक ओळखीची गोष्ट दिसेल. ‘मिग-२१’ हे एका ग्रंथाचे नाव आहे, एका प्रतीचे नव्हे. एफएल, एम, बिस आणि बायसन ही त्याची संस्करणे. एफएलमध्ये मुळात अंगची तोफ नव्हती. नंतर ती पोटाखाली वेगळी बसवण्यात आली, म्हणजे जणू समासात भर पडली. एममध्ये ती मूळ संहितेतच आली. बायसनला नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे मिळाली. लीळाचरित्राची मूळ पोथी हरवल्यावर स्मरणातून तिचे पाठ सिद्ध झाले. तेथे ‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न आपण सोडवत बसतो. भाग बदलत बदलत दशकानुदशके उडत राहिलेल्या विमानाबाबतही तोच प्रश्न उभा राहतो. संग्रहालयात आपण नेमके काय जतन केले आहे?

मालेगावात हा प्रश्न पंडिती वाटत नाही. यंत्रमाग बिघडला की मिस्त्री येतो, भाग बदलतो आणि माग पुन्हा चालू लागतो. जुने यंत्र टिकते ते दुरुस्त करणाऱ्याच्या हातामुळे, हे येथे कुणाला सांगावे लागत नाही. पण यंत्र संग्रहालयात गेले की हा हात दिसेनासा होतो. विमानापुढील पाटीवर साधारणतः त्याचा प्रकार, वेग, तुकडी आणि युद्ध यांचा उल्लेख असतो. १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर अग्निबाण डागले आणि गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला. हा प्रसंग स्मरणात राहावा असाच आहे. मात्र पराक्रमाचा पाठ हाच संपूर्ण पाठ, असे मानले की दोन पाठ गळतात. एक, विमान घडवणाऱ्यांचा. दुसरा, त्यातून न परतलेल्यांचा.

हा दुसरा पाठ अधिक अवघड आहे. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार सर्व प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने १९७१-७२ पासून अपघातांत नष्ट झाली होती आणि १७१ वैमानिक मृत्यू पावले होते. कारणे तांत्रिक होती, तशीच मानवीही. त्यामागे आणखी एक कारण होते. अपघातांचा विचार करणाऱ्या ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच प्रगत प्रशिक्षण विमानाची गरज सांगितली होती. हॉक हे असे विमान हवाई दलात दाखल झाले ते २००८ मध्ये. मधल्या काळात तरुण वैमानिक साध्या प्रशिक्षण विमानावरून थेट स्वनातीत मिगवर जात राहिले.

१७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात मृत्यू पावले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी दोष वैमानिकाच्या माथी मारण्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. हवाई दलातून निवृत्त झालेले वडील अनिल गाडगीळ आणि त्या, या दोघांनी पुण्यात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट सुरू केली. एका मराठी घराने मिगच्या चरित्रात लिहिलेले हे प्रकरण आहे. या प्रकरणामुळे पराक्रमाचा पाठ खोटा ठरत नाही. तो अपुरा आहे, एवढे मात्र त्यातून कळते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला. त्याची सेवा जेथे सुरू झाली तेथेच, बासष्ट वर्षांनी, ती संपली. यापुढे हे विमान केवळ पाहण्याची वस्तू म्हणून उरेल. म्हणूनच त्याचे वाचन कसे करायचे हे आताच ठरवायला हवे. विद्यार्थ्यांना अशा विमानापुढे उभे करणाऱ्या शिक्षकाने त्यांना पाटी वाचू द्यावी आणि मग तीन प्रश्न विचारावेत. हे कुठे घडले? ते इतकी वर्षे कुणी चालते ठेवले? आणि त्यातून कोण परतले नाही? पाटीवर ही उत्तरे नसतील, तर ती शोधणे हे इतिहासाचे काम आहे, आणि ती गाळली गेली आहेत हे ओळखणे हे आपल्यासारख्या संहितेच्या वाचकांचे.